पंधरवड्यात मागचा नंबर

सटाण्याकडच्या एसट्या पंचवटीत जिथे उतारू सोडायच्या, तिथेच वळणावर रिक्षांचा थांबा होता. कारभारी सोनवणे दहा-अकरा वर्षं त्या थांब्यावर रिक्षा लावत होता, पण तिथे त्याला कारभारी कुणी म्हणत नसे. पहिल्या दिवशी कुणीतरी ‘ए सटाणा’ अशी हाक मारली, त्यानेही ‘ओ’ दिली आणि तेच नाव चिकटलं.

एरवी त्याचं काही बिघडत नव्हतं. भर पावसात गिऱ्हाईक नसलं की सगळे एकाच टपरीवर चहा पीत. पण पाऊस ओसरून सकाळी नदीवर धुकं दिसायला लागलं, दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं, की कारभारी चिडचिडा व्हायचा. पितृपक्ष लागायचा. श्राद्धाला गावोगावची माणसं रामकुंडावर लोटायची, आणि थांब्याचा म्होरक्या सहादू सांगून टाकायचा, “पंधरवड्यात आधी गावातले. बाहेरच्यांनी मागं लावायच्या.”

बाहेरचा म्हणजे एकटा कारभारी. त्याची पोरगी नाशकात जन्मली, रेशनकार्ड नाशिकचं. सहादूच्या भावाच्या लग्नात त्याने उन्हातान्हात पंगती वाढल्या होत्या. तरी दरवर्षी तो मुकाट्याने रिक्षा मागे घ्यायचा आणि घरी जाऊन बायकोवर, लताबाईवर, खेकसायचा. ती एकदा म्हणाली, “तिथं तोंड उघडत नाही, आणि इथं भांडी आपटता!” ते त्याला फार झोंबलं होतं.

नव्याण्णव साली पितृपक्षातच एक म्हातारी सटाण्याच्या गाडीतून उतरली. यशोदाबाई तिचं नाव. नवऱ्याच्या श्राद्धाला एकटीच आली होती. हातात गाठोडं, गुडघे धरलेले. पहिल्या रिक्षापाशी जाऊन म्हणाली, “भाऊ, रामकुंडवर जानं शे. कोणी ली जाई का?”

“काय शे? काय शे?” रिक्षावाल्याने तिची नक्कल केली. सगळे हसले. म्हातारी गोंधळून ओशाळं हसली.

ते हसू कारभारीला सहन झालं नाही. मागूनच तो ओरडला, “ये माय, मन्हा रिक्षामा बठ!”

आपली अहिराणी बोली ऐकून ती लगबगीने त्याच्याकडे आली. पाय आत टाकते तोच सहादू धावत आला. “ए सटाणा! नंबर मोडतो का? ओ बाई, उतरा!” त्याने गाठोडं ओढलं. गाठ सुटली. काळे तीळ, पिंडासाठी आणलेलं पीठ, सगळं रस्त्यावर सांडलं.

म्हातारी मटकन खाली बसून पीठ गोळा करू लागली. ते पाहिलं मात्र, कारभारीने सहादूच्या थोबाडीत दिली. इतक्या वर्षांची दिली. मग चौघांनी मिळून त्याला तुडवला, शर्ट फाटला, आणि सगळी वरात पोलीस चौकीत गेली.

हवालदाराने कागद ओढला. “कुणी मारलं?”

“यानं. सटाण्यानं.”

“ते गाव झालं. माणसाचं नाव?”

सहादूने जोडीदारांकडे पाहिलं. ते एकमेकांकडे पाहत राहिले. कुणालाच ठाऊक नव्हतं.

हवालदाराला हसू आलं. कारभारीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. “कारभारी पुंजा सोनवणे! लिहा!” तो ओरडला. “माझ्या घरी जेवून गेलेत हे, साहेब! माझ्या पोरीचं बारसं खाल्लंय यांनी!”

“आवाज खाली,” हवालदार म्हणाला, आणि त्याने कारभारी-सहादू दोघांना दम देऊन सोडून दिलं.

यशोदाबाई बाहेर पायरीवर बसून होती. कारभारीने तिला नवे तीळ नि पीठ घेऊन दिलं आणि रामकुंडावर सोडलं. त्याचा ओठ अजून ठणकत होता. भाडं किती, तिने विचारलं. त्याने नेहमीचं सांगितलं.

पदराची गाठ सोडता सोडता ती पुटपुटली, “तुम्ही नाशिकना लोक भलता लुटतस.”

तिने पैसे कारभारीच्या हातावर ठेवले. ते त्याने परत तिच्या पदरात टाकले. “जाय माय, जाय!” तो असा ओरडला की घाटावरच्या बायका वळून पाहू लागल्या. म्हातारी घाबरून पायऱ्या उतरली. तिच्या अंगावर ओरडलो म्हणून त्याला आणखीच संताप आला.

त्यानंतर त्या थांब्यावर त्याने रिक्षा लावली नाही. दिवाळीला सहादूने निरोप पाठवला, झालं गेलं सोडून दे, पुढचा नंबर घे. कारभारीने निरोप्यालाच उंबऱ्यावरून परत पाठवलं. लताबाई म्हणाली, “एवढं काय धरून बसलात?” तो रिक्षा काढून बाहेर पडला.

पुढे बरीच वर्षं तो शहरभर फिरता धंदा करत राहिला. कमाई घटली, डिझेल जास्त जळायचं. पितृपक्षात त्या वळणावर रस्ता माणसांनी फुललेला असायचा. गाठोडी सावरत लोक हात करायचे. त्यांत सटाण्याचे असत, दुसरीकडचेही असत. कारभारी कुणासाठीच ब्रेक दाबत नसे.