दाण्याचं टिंब

लढाईच्या वर्षी तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनिसांची भरती निघाली. परीक्षेत दशांशाचे गुणाकार होते आणि मला ते येत नव्हते. चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारच्या काकू मला दुपारी डाळ निवडता निवडता शिकवायच्या. पाटीवरच्या आकड्यांत टिंबाच्या जागी त्या डाळीचा दाणा ठेवायच्या. गुणताना दाणे उचलायच्या आणि मग टिंबापुढची घरं मोजून उत्तरात एक दाणा परत मांडायच्या. मी चुकले की रागवायच्या नाहीत. "अच्छा, चलो, पुन्हा," एवढंच म्हणायच्या.

एकदा मी शून्य दशांश पाचला शून्य दशांश पाचनेच गुणून अडीच लिहिलं. काकूंनी अर्धी पोळी मोडून तिचं अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "अर्ध्याचं अर्धं केलं, तर वाढलं काहून?"

त्यांचा मुलगा सीमेवर होता. तरी शिकवणं संपेपर्यंत त्या रेडिओ लावत नसत.

माझी निवड झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझा हात धरला. "टिंब सांभाळून ठेव, बेटा. तू मापलेला गोळा माझ्या पोराच्या हाती जाईल."

कारखान्यात सगळे मला हळूबाई म्हणायचे. काकूंचा मुलगा सुखरूप परत आला, तरी मी घाई करायला शिकले नाही.