पंप घेतला काय?

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दम्याच्या पेशंटची तपासणी करणाऱ्या बाईंना मी दर तीन महिन्यांनी भेटतो, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. पेशंट मशीनच्या नळीत फुंकू लागला की त्या स्वतःही गाल फुगवतात, टेबलावर थापा मारतात. "फुंका, फुंका, सोडू नोका!"

त्या दिवशी तुमसरच्या राइस मिलमधल्या एका हमालानं इतकं झकास फुंकलं, की बाईंना संशय आला.

"सकाळी पंप घेतला काय?"

"घेतला ना बाई. नापास कायले व्हाचं?"

"कॉपी करून पास होऊन राहिले काय भाऊ? खरा दम दिसलाच नाही तर डॉक्टर औषध कायचं देईल? बसा बाकावर. पंपाचा असर उतरू द्या."

पुढचा नंबर माझा होता. मी शाळामास्तर, पण घरून दोन फवारे मारूनच निघालो होतो. खालमानेनं कबूल केलं. बाईंनी नुसतं बाकाकडे बोट दाखवलं.

पाचला शिपाई कुलूप घेऊन आला. पुन्हा फुंकल्यावर हमालाचा मशीनवरचा आकडा आता बराच खाली उतरला होता आणि बाई तो समाधानानं लिहून घेत होत्या. त्यांनी शिपायाच्या हातातलं कुलूप काढून टेबलावर ठेवलं आणि नळी माझ्यापुढे धरली.

"फुंका, गुरुजी."