रिंग कापणारे अप्पा

“झालं का लॉक?”

पुण्याहून श्वेता मॅडमचा सकाळपासूनचा तिसरा फोन. मी मुखेडच्या पलीकडे, डोंगराच्या खोबणीतल्या एका गावाबाहेर टॉवरखाली लॅपटॉप उघडून बसलो होतो. टॉवरवरचं एखादं नेटवर्क बंद करायचं असलं की आमच्या लाइनमध्ये त्याला लॉक करणं म्हणतात. या टॉवरवरचं 2G लॉक करून त्याचं मशीन नांदेड शहरातल्या एका गर्दीच्या साइटला हलवायचं होतं. गावाला 4G तेवढं राहणार होतं.

“मॅडम, जरा थांबू या का? इथले आकडे विचित्र दिसतायत.”

“ट्रॅफिक किती आहे?”

“ट्रॅफिक नाहीच म्हणा.”

“मग?”

मी तासाभराचा वेळ मागून घेतला.

मी नांदेड-लातूर पट्ट्यात रेडिओ इंजिनिअर आहे. टॉवरचा सिग्नल कुठं पोचतो, कुठं मरतो, हे बघणं माझं काम. आमच्याकडे 2G म्हटलं की नवी पोरं हसतात. पण बटणांच्या साध्या फोनला दुसरं काही समजत नाही, आणि खेड्यात असे फोन अजून खूप आहेत.

2G समजायला अवघड नाही. एका टॉवरच्या आवाक्यातल्या जमिनीला सेल म्हणतात. तिथली एक फ्रिक्वेन्सी आठ जण पाळीपाळीनं वापरतात, आणि पाळी इतकी झटपट फिरते की प्रत्येकाला लाइन आपली एकट्याचीच वाटते. तुमचा फोन खिशात गप्प पडलेला असला तरी ‘मी या भागात आहे’ असं अधूनमधून नेटवर्कला कळवत असतो. कुणी तुम्हाला फोन लावला की त्या भागातले सगळे टॉवर तुमच्या नावानं हाळी देतात. हिला पेजिंग म्हणायचं. तुमचा फोन ज्या टॉवरच्या हाताखाली असेल त्याला ओ देतो, मग त्याला लाइन मिळते, मग रिंग वाजते. ट्रॅफिक मात्र मोजतात ते लाइन किती वेळ अडली यावरून. तुम्ही तासभर गप्पा मारल्या तर टॉवर कमावता. रिंग वाजून कापली गेली तर काम सगळं झालेलं असतं, पण हिशेबात येतात ते काही सेकंद.

या टॉवरवर तेच दिसत होतं. हाळीला ओ भरपूर, बोलणं जवळजवळ नाही. माणसं फोन जवळ बाळगतात, त्यांना फोन येतात, आणि कुणी बोलत नाही. असलं गाव मी पाहिलं नव्हतं. मशीन बिघडलंय की गाव, हे बघायला लॅपटॉप मिटला आणि खाली गावात उतरलो.

खालच्या गल्लीत पिठाच्या गिरणीशेजारी किराणा दुकान होतं. दगडी भिंतींचं, जुनं, पुढं ओटा. आत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ चहापत्ती तोलत होते. कपाळाला विभूती, अंगात बंडी. मी टेस्टचा फोन काढून आतला सिग्नल बघितला. अगदी मागच्या खोलीच्या दारापर्यंत 2G चांगला भरून येत होता. तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या बंडीचा खिसा थरथरला. त्यांनी बटणांचा फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, लाल बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि पुन्हा तराजू धरला.

“अप्पा, कुणाचा फोन होता? बोलला नाहीत ते?”

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“त्यायला ऐकू येत न्हाई, साहेब,” गिरणीतून बाईचा आवाज आला. या सुमनबाई. गिरणी त्यांचीच. पदरानं पीठ झटकत त्या बाहेर आल्या. “लातूरहून लेक लावती. कल्पना. तिचं ब्लाउज शिवायचं दुकान हाय तिथं. रोज सकाळी रिंग देती, अप्पा कापतेत. कापलं की तिला कळतंय, बाप हाय.”

“आणि नाही कापलं तर?”

“मग मला लावती. मी जाऊन बघते. मागं एकदा तापीनं पडले होते, तवा असंच कळालं की.”

अप्पांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. लेक लातूरला चला म्हणायची, अप्पा दुकान सोडायला तयार नव्हते. मग हा तोडगा निघाला होता. ऐकू येत नसलं तरी छातीवरची थरथर कळत होती, आणि लाल बटण कळत होतं.

सुमनबाई पुढं सांगत गेल्या. मुखेडच्या स्टँडवरून एसटी सुटली की घरी एक रिंग. शेतातली मोटार बंद कर म्हणून दोन. जेवायला बसा, माझी वाट बघू नका, यालाही काहीतरी ठरलेलं होतं. मिनिटाला पैसे पडायचे तेव्हापासूनची ही सवय. आता बोलणं फुकट झालं तरी कुणी बदलली नव्हती.

“अहो, पण आता बोलायला पैसे कुठं पडतात?” मी म्हटलं.

“बोलायचं कशाला? समजतंय की!”

मला हसू आलं. अख्खं गाव दिवसभर एकमेकांना निरोप देत होतं आणि आमच्या हिशेबात ते गप्प होतं.

टॉवरखाली परत येऊन मी मॅडमना हे सगळं सांगितलं. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पण तुसड्या नाहीत. शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, मला पटतंय. पण मी वर काय दाखवू? कापलेल्या रिंग मोजणारा आकडा, केपीआय नाहीये आपल्याकडे.”

“पेजिंगचा रिस्पॉन्स दाखवा. माणसं आहेत, एवढं तरी कळेल.”

“वर विचारतात ट्रॅफिक. गाव 4Gवर जाईल ना हळूहळू.”

“इथलं 4G तेवीसशे मेगाहर्ट्झवर आहे, मॅडम. दगडी घरात शिरत नाही. खालच्या गल्लीत मी स्वतः बघून आलोय.”

“मेल टाका. पुढच्या रिव्ह्यूला घेऊ.”

मेल टाकला. लॉक मात्र मी केलं नाही, सरळ नाही म्हणालो. त्यानं काही अडलं नाही. हल्ली टॉवरखाली माणूस लागतोच असं नाही. संध्याकाळी मी मुखेडला पोचेपर्यंत कंट्रोल सेंटरवरून कुणीतरी बसल्या जागी 2G बंद केलं होतं. मशीन न्यायला गाडीही येऊन गेली.

सुमनबाईंकडून निघताना घेतलेल्या नंबरवर मी कल्पनाताईंना फोन केला. आधी त्या घाबरल्याच. मग नीट समजावून सांगितलं की अप्पांचा जुना फोन आता चालणार नाही, बटणांचाच पण 4G चालणारा फोन मिळतो, तो घ्या. आणि हेही सांगितलं, की दुकानाच्या आत भरवसा नाही. 2G नऊशे फ्रिक्वेन्सीवर चालायचं. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी लाट लांब, आणि लांब लाट भिंतीतूनही बरीचशी पार होते. तेवीसशेची लाट आखूड, दगडात तिचा जीव जातो. सकाळी फोनच्या वेळी अप्पांना ओट्यावर बसायला सांगा.

“त्यायला कसं सांगू? बरं, मी येते आणि हातानं दाखवते,” त्या म्हणाल्या.

त्या खरंच गेल्या, नवा फोन दिला, ओट्यावर बसवून रिंग कापून घेतली. अप्पांना समजलं. पण म्हातारा माणूस, दुकान त्याचं. सकाळी गिऱ्हाईक आलं की आत जाणारच. मग कधी रिंग लागायची, कधी नाही. सुरुवातीला ताईंचा मला फोन यायचा.

“साहेब, आज लागंना. फोनमधली बाई म्हणायली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.”

“आत असतील. जरा वेळानं लावा.”

जरा वेळानं लागायचा. मी पुण्याला आठवणीचे मेल टाकत राहिलो. उत्तर यायचं, विषय विचाराधीन आहे. हळूहळू ताईंचे फोन कमी झाले आणि मग थांबले. मला वाटलं, बसली घडी. मनातून सुटल्यासारखंही वाटलं.

घडी बसली नव्हती. ताईंना सवय झाली होती. सुरुवातीला ते वाक्य ऐकलं की त्या हातातलं काम टाकून फोन लावत राहायच्या, नंतर नुसतं ‘आज पण टॉवर’ म्हणून शिलाई मशीनवर बसायच्या. सुमनबाईंना लावणंही सुटलं होतं. आधी अप्पांची रिंग कापली गेली नाही की काहीतरी झालंय एवढाच अर्थ होता. आता त्याला दोन अर्थ होते, आणि त्यातला एक जवळजवळ रोज खरा निघायचा.

सोयाबीनची काढणी सुरू झाली. माणसं दिवस उगवायला शेतात जात होती. सुमनबाई गिरणीला कुलूप लावून उमरीला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. अप्पांच्या दुकानाची फळी बंद दिसली तेव्हा गल्लीतल्यांना वाटलं, लातूरला गेले असतील. तिकडं ताईंना वाटलं, टॉवर. तिसऱ्या दिवशी मीठ घ्यायला आलेल्या एका बाईनं मागच्या दारातून हाक मारत आत डोकावलं. अप्पा मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी पडलेले होते. मांडीचं हाड मोडलेलं. नवा फोन बंडीच्या खिशात.

मुखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडल्या पडल्या गेले नसावेत.

हे मला ताईंनी फोनवर सांगितलं, रडून झाल्यावरच्या कोरड्या आवाजात. मग म्हणाल्या, “साहेब, एकदा याल का गावाला? मला एक बघायचं हाय. तुम्हालाच कळतंय ते.”

टाळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गेलो.

दुकान उघडून त्या ओट्यावर बसल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोटाला सुईच्या खुणा. त्यांनी अप्पांचा फोन माझ्या हातात दिला. चार्ज करून आणला होता.

“अप्पा पडले होते तिथं जाऊन उभं ऱ्हावा. मी लावते.”

मी आत गेलो. चहापत्तीचा आणि गुळाचा वास अजून होता. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी खाली बसलो आणि फोन छातीच्या उंचीवर धरला. पडद्यावर सिग्नलची एकही काडी नव्हती. आधी ज्या जागी टेस्टच्या फोनवर भरलेला सिग्नल पाहिला होता, तीच ही जागा.

बाहेर ताईंनी स्पीकर लावला होता. रेकॉर्डिंगमधल्या बाईचा गोड आवाज आतपर्यंत आला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

“परत लावते,” ताई म्हणाल्या.

परत तेच. मी उठलो, गल्ल्यापर्यंत आलो. तिथंही काही नाही. फळीपाशी एक काडी येऊन गेली. ओट्यावर पाय टाकला, थोडा वेळ उभा राहिलो, त्यांनी पुन्हा लावला, आणि फोन माझ्या हातात थरथरला. पडद्यावर त्यांचं नाव आलं.

“कापा,” त्या म्हणाल्या.

मी लाल बटण दाबलं. त्यांच्या फोनवर रिंग तुटून टूं-टूं सुरू झालं.

“हाव, असंच यायचं,” त्या म्हणाल्या. त्यांनी आपला फोन बंद केला नाही, टूं-टूं आपोआप थांबेपर्यंत कानाशी धरला. मग मला विचारलं, “म्हंजे आत पडले होते तवा माझा फोन त्यायच्यापर्यंत आलाच न्हाई. खरं सांगा.”

“नाही आला.”

“एकदा पण न्हाई?”

“नाही, ताई.”

मला वाटलं, आता त्या कंपनीला शिव्या देतील, मलाही देतील. मी तयार होतो, उलट दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण त्या कंपनीचा विचारच करत नव्हत्या.

“म्हंजे अप्पाला वाटलं असंल,” त्या म्हणाल्या, “दोन दिवस पोरीनं रिंग दिलीच न्हाई.”

त्यांनी दुकानाची फळी लावली, कुलूप घातलं, आणि मी त्यांना गाडीतून मुखेडच्या स्टँडवर सोडलं.

मी पुण्याला सगळं लिहून कळवलं. मॅडमचा फोन आला. पण त्या साइटचं 2G परत आलं नाही. मशीन नांदेडला छान चालू आहे, ट्रॅफिकही भरपूर आहे. गावाच्या नावापुढं तक्रारी निरंक आहेत, कारण तक्रारीच्या नंबरवर बोलायला सिग्नल लागतो आणि तिथल्या माणसांना बोलायची सवय नाही. अप्पांचा नंबर रिचार्ज न झाल्यानं आता केव्हातरी बंद होईल आणि दुसऱ्या कुणालातरी मिळेल.

नव्या इंजिनिअरना मी 2G शिकवतो तेव्हा शेवटी एवढं सांगतो, की ट्रॅफिक शून्य दिसलं तर टॉवरखाली बसून राहू नका, गावात जाऊन या. पोरं मान डोलावतात, काही जण लिहूनही घेतात. मी गेलो होतो आणि त्यानं काही फरक पडला नाही, हे मात्र मी त्यांना सांगत नाही.