आत्ता समोर काय आहे

मावशीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान इतकं चिंचोळं आहे की गिऱ्हाईक आत आलं की मला चहाचा कप सांभाळत उठावं लागतं. टेबलावर भिंग लावलेला दिवा, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून चुंबकाची पट्टी आणि कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर. फोन कितीही फुटलेला असो, स्क्रूड्रायव्हरला हात लावायच्या आधी मावशी तो वायरने कॉम्प्युटरला जोडते. वरची काच काळीठिक्कर पडली तरी फोन आतून जिवंत असतो आणि त्यात या क्षणी कुठलं अॅप उघडं आहे ते कॉम्प्युटरवर एका ओळीत येतं. आत्ता समोर: कॅमेरा. आत्ता समोर: नकाशा.

एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. म्हणाल्या, "यांच्या फोनमध्ये म्हणे काहीच उघडलेलं नसतं, तरी बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही." मावशीने वायर लावली. पत्त्यांचा खेळ निघाला. नवरा छताकडे बघायला लागला, बाई फणकारल्या, तेव्हा मावशीच मध्ये पडली. "अहो, समोर काय आहे एवढंच यात कळतं. का आहे, ते नाही कळत." हे वाक्य तिने इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलंय की मला ते पाठ झालंय.

मावशीला एकच मुलगा. घरातलं नाव टिल्लू, आणि उंची अशी की दुकानात शिरताना मान वाकवावी लागते. लांबच्या शहरात मालाच्या गोदामात त्याला नोकरी लागली. जायच्या आधी त्याचा फोन सारखा तापायचा, म्हणून मावशीने तो इंटरनेटवरून या कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता. "राहू दे गं आई, अधूनमधून बघत जा," असं म्हणून तो गाडीत बसला. फोनचं तापणं थांबलं. जोडणी तशीच राहिली आणि तो बहुधा ती विसरूनही गेला.

मावशी मात्र विसरली नाही. दुसऱ्याचा फोन उघडून बसली असली तरी तिची एक नजर त्या ओळीवर. नकाशा आला की म्हणायची, "निघाला कामाला." गाणी आली की, "जेवायला बसला असेल."

"ही हेरगिरी आहे, मावशी," मी एकदा म्हटलं.

"मी काय दार उघडून आत बघते का? खिडकीत दिवा लागलाय का, एवढंच बघते."

तिला त्याचा फोन यायला हवा होता आणि तो येत नव्हता, एवढी साधी गोष्ट होती. सुरुवातीला ती स्वतः करायची. दर वेळी तो म्हणायचा, "अगं, मीच करणार होतो." दर वेळी. शेवटी मावशीचं डोकं फिरलं. "नुसतं तोंडदेखलं बोलतो. करणार होता तर केला का नाही? आता त्याला वाटेल तेव्हा करू दे." आणि ती हट्टाला पेटली. मायलेक एकाच मातीचे. सणकी आणि अबोल.

संध्याकाळी दुकान आवरताना एक गोष्ट मात्र नेमाने व्हायची. ओळीत 'घड्याळ' यायचं, जरा वेळ राहायचं आणि जायचं. मावशी हातातला चिमटा खाली ठेवायची. "उद्याचा गजर लावला बघ. लवकर उठायचं असेल पोराला." मग ती शटर ओढायची. ते घड्याळ दिसल्याशिवाय तिचा पाय दुकानातून निघत नसे. त्या घटकेला तिचा चेहरा असा हळवा व्हायचा की मी थट्टा सोडून चहाचे कप विसळायला घ्यायचे. मला टिल्लूचा राग यायचा, खरं सांगते.

मग एक दिवस ती ओळ कोरी झाली. मावशीने वायरी हलवल्या, कॉम्प्युटर बंद करून परत लावला. दिवसभर धड जेवली नाही. संध्याकाळी त्याचा निरोप आला, तोही लिहून: जुन्या फोनची काच गेली, नवा घेतला, जुना पाठवतोय, आतलं सगळं पुसून विकून टाक.

पार्सल आलं. मावशीने ते उघडलं तेव्हा मी समोरच बसले होते. काचेला आरपार तडा गेला होता, कडेला गोदामाची धूळ. तिने पदराने ती पुसली, जे ती गिऱ्हाइकाच्या फोनला कधी करत नाही. सवयीप्रमाणे वायर लावली. फोन चार्ज होत पडला आणि आम्ही दुकान आवरायला लागलो.

तेवढ्यात तो वाजला. कॉम्प्युटरवरची ओळ बदलली. आत्ता समोर: घड्याळ.

"यात सिमकार्डही नाही," मी म्हटलं. "कसा वाजतोय?"

मावशी फोनवर वाकली. तड्याखाली त्याने गजराला दिलेलं नाव दिसत होतं. आईला फोन. खाली दोन बटणं. एक 'बंद', दुसरं 'थोड्या वेळाने'. दुसऱ्या बटणावरची काच बोटाने घासून पार धुरकट झाली होती.

तिने दोन्हीला हात लावला नाही. गजर वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत ती उभी होती. इतके दिवस रोज त्याला आठवण होत होती, आणि रोज तो ती पुढे ढकलत होता. यातल्या कशाचं वाईट वाटून घ्यावं आणि कशाचं बरं, ते तिला ठरवता येत नव्हतं. मलाही आलं नाही.

मग तिने स्टुलावर बसून स्वतःचा फोन काढला आणि नंबर लावला. त्याने लगेच उचलला. मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज होता.

"आई? अगं, मीच करणार होतो."

"माहितीये मला," मावशी म्हणाली.