द्यायची राहिलेली चावी

पंधरा दिवसांपूर्वी शकूचा फोन आला तेव्हा मी लेथ सुरू करून त्याची कुरकुर थांबायची वाट बघत उभा होतो. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस काहीही म्हणतो... मग बटण बंद केलं आणि नगरची एसटी कितीची आहे ते शेजारी विचारायला गेलो.

शकूचे बाबा म्हणजे गहिनीनाथ, आमचा गैनाभाऊ. पंच्याऐंशीच्या पुढचा, आदल्या दिवसापर्यंत स्वतःच्या हातानं चहा करून पिणारा. पिकलं पान ते, रडण्यासारखं त्यात काही नाही, असं मी राजूरहून निघाल्यापासून स्वतःला समजावत होतो. संगमनेरपर्यंत ते पटलं, त्यापुढे काही पटेना.

सत्तरच्या सुमाराला आम्ही दोघं भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. तो मूळचा तिसगावचा. त्याचे वडील बैलबाजारातले जाणते. लोक बैल घ्यायला जाताना त्यांना मुद्दाम बरोबर नेत. गैनाभाऊनं बैल सोडून मशीन धरलं, पण नजर बापाचीच ठेवली. घरामागे पत्र्याची पडवी होती. बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यातून, कुठल्या लिलावातून तो लोखंड कातायचा जुना लेथ किंवा ड्रिल मशीन उचलून आणायचा. मग दोन-तीन महिने, कामावरून आल्यावर आणि रविवारी, ते खोलायचं, रॉकेलनं धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि कुणा गरजवंताला विकायचं. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या घरी पाहुणे येत्यात, आमच्याकडं मशिनी येत्यात. न्हाऊनमाखून गेल्या की दुसरी हजर."

मशीन बघायला गेला की गैनाभाऊ बटणाला हात लावत नसे. आधी लेथच्या बेडवरून, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पट्टीवरून, चकच्या अगदी जवळ, अंगठ्याचं नख हळूच ओढायचा. चक म्हणजे फिरतं काम घट्ट धरून ठेवणारा जबडा. सगळं काम त्याच्याजवळ होतं, त्यामुळे बेड झिजतो तो तिथेच, आणि ते डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतं. "शिंगं रंगवलेला बैल पुढं उभा करत्यात आन् दात बघू देत न्हाईत," तो म्हणायचा. "रंग ताजा दिसला का मी दोन पावलं मागं सरतो."

विकताना मात्र सगळं उलटं. गुणांबद्दल अवाक्षर नाही, आधी खोडी सांगायच्या, आणि त्याही घेणाऱ्याच्या बायकोला समोर बसवून. "खोड मागनं कळली का भांडान घरात हुतं," हे त्याचं कारण. धंदा असा करतात का, म्हणून आम्ही त्याला हसायचो. पण त्यानं विकलेलं मशीन कुणी परत आणल्याचं मला आठवत नाही.

मला त्या वेळी एकच ध्यास होता, गावी परतायचं. राजूरला आई एकटी होती आणि तिची नजर अधू होत चालली होती. भिंगारच्या खोलीत यायला ती तयार नव्हती. नोकरी सोडायची तर गावात पोटापाण्याचं काहीतरी हवं. राजूर बाजाराचं गाव. आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांची इंजिनं, गिरण्या बिघडल्या की एक बुश, म्हणजे फिरत्या दांड्यावरची पितळी नळी, कातून आणायला लोकांना संगमनेर गाठावं लागे. एक लेथ मिळाला असता तर मी घरी आणि आई माणसांत, इतका सोपा हिशोब होता.

नगरातल्या एका भंगारवाल्याकडे मी लेथ पसंत केला. हिरवागार, आरशासारखा. बोलणी पक्की करायच्या दिवशी गैनाभाऊला बरोबर नेलं, खरं म्हणजे शाबासकीच्या आशेनं. त्यानं नख ओढलं आणि हात जोडून मालकाला म्हणाला, "माल चांगला हाय शेठ, पर आमाला पचायचा न्हाई." बाहेर आल्यावर माझी खरडपट्टी काढली. "दत्तोबा, आठ वर्सं झाली तुला माज्यासंगं, आन् रंगाला भुललास व्हय?" मी रागावलो. सांगितलं, माझी आई तिकडे चाचपडतेय, मला नखं ओढत बसायला वेळ नाही. सायकली हातात धरून आम्ही भिंगारपर्यंत चालत आलो आणि त्याच्या दारात तो एकदम म्हणाला, "माजा घिऊन जा."

त्याचा म्हणजे पडवीतला सहा फुटी लेथ. बाकी मशिनं आली-गेली, पण हा त्यानं स्वतःसाठी ठेवला होता. किती जणांनी मागितला, तो हसून विषय बदलायचा. मी निदान एकदा तरी "नको" म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

रविवारी त्यानं आम्हा नवराबायकोला पडवीत बसवलं. "वैनी, नीट ऐका. आडवा हँडल उलटा फिरवला का पाव फेरा फुकट जातो. चकजवळ बेड केसभर खाल्लेला हाय. आन् थंडीत सकाळी पाच मिन्टं कुरकुरतो. त्याला बोलू द्यायचं, मंग कामाला लावायचं." माझी बायको गंभीरपणे म्हणाली, "आमच्या ह्यांचं पण तसंच आहे." तो हसून हसून बेजार झाला. दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा मात्र तो कुठं दिसला नाही. मला वाटलं, ड्यूटीवर गेला असेल.

राजूरला लाकडी ओंडक्यांवरून ढकलत आठ माणसांनी लेथ घरात घेतला. गावची पिठाची गिरणी चार दिवस बंद होती, तिचा बुश गेला होता. बायका दळणाचे डबे घेऊन माझ्याच ओट्यावर बसलेल्या. आईनं चाचपडत लेथला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मी बुशासाठी पितळेचा तुकडा हातात घेतला... आणि चक उघडायची चावीच नाही! पेट्या उपसल्या, ट्रकवाल्याला फैलावर घेतलं. चावी नाही म्हणजे चक उघडणार नाही, आणि चक उघडणार नाही म्हणजे चार क्विंटलचं ते धूड पाटावरच्या गणपतीसारखं नुसतं पुजायचं. ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, "आरं दत्तू, मशीन आनलं का नुसतं दाखवायला?"

शेवटी जुन्या पहारीचं टोक कापलं आणि कानशीनं चौकोनी करत बसलो. तिन्हीसांजेपर्यंत हाताला फोड आले, पण ओबडधोबड का होईना, चावी बसली. बुश कातला आणि दिवेलागणीला गिरणी सुरू झाली. तिचा आवाज ऐकून आई म्हणाली, "आता तू राहातोस." माझ्या आयुष्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालं नाही.

गैनाभाऊला मी सणसणीत पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर आलं, "दत्तोबा, जनावर इकलं तर दावं कुनी देतं का? लक्ष्मी घरात ऱ्हावी म्हनून दावं घरी ठेवत्यात. तुजं दावं तू केलंस, लई चांगलं. दुसऱ्याच्या दाव्यानं जनावर आपलं हुत न्हाई." दावं घरी ठेवायची रीत आमच्या डोंगरातही होती, पण लेथला दावं असतं हे मला नवीन होतं! त्याच्या पडवीत खुंट्यांवर चाव्यांची ओळ मी रोज बघायचो, जादाच्या असतील असं वाटायचं. पुढे भेट झाली की मी चिडवायचो, "तीन खोडी सांगितल्यास आणि चौथी लपवलीस." तो नुसता हसायचा. पन्नास वर्षं हसला.

परवा दिवसकार्य झाल्यावर शकू मला पडवीत घेऊन गेली. खुंट्या तशाच होत्या. प्रत्येकीवर विकलेल्या एका मशीनची चावी, पण राजूरची म्हणून शकूनं दाखवलेल्या खुंटीवर दोन, एक जुनी, एक कोरी. शकू म्हणाली, "बाबा जुनी ठेवून प्रत्येकाला नवी करून द्यायचे. तुमचीही केली होती. आई सांगायची, माणसं तुमचा ट्रक भरत होती आणि बाबा इथं दार लावून बसले. रडत होते. चावी हातातच राहिली. मग तुम्ही पहारीची केली असं कळलं, तर म्हणाले, आता नको पाठवायला."

जुनी त्या घरातच राहू दिली, रीत आहे ती. कोरी घेऊन आलो. काल सकाळी लेथ सुरू केला, त्याची पाच मिनिटांची कुरकुर ऐकली. ती मला कधीच काढता आली असती, काढली नाही. मग मशीन थांबवून गैनाभाऊची चावी चकमध्ये घातली. इतकी रेखीव चौकोनी चावी मी आयुष्यात केली नाही. पण पन्नास वर्षं माझ्या वेड्यावाकड्या पहारीनं तिथलं भोक घासून मोठं केलेलं. त्याची चावी आत नुसती खुळखुळली, जबडा हलेना. माझी घातली, घट्ट बसली.

"व्हय, आता झालं जनावर तुजं," असं तो म्हणाला असता. मी भिंतीत एक खुंटी ठोकली, त्याची चावी तिच्यावर अडकवली आणि कामाला लागलो.