यकृत, प्लीहा आणि सालूहाची परीक्षा

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. स्फाक्स शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या तळघरात सालूहा मसमूदी फायलींची गाडी ढकलते आहे. वय एकोणपन्नास, शिक्षण सहावी, नोकरी सफाई कामगाराची. फायली वाहणं तिच्या कामात बसत नाही, पण अकरा वर्षं ती वाहते आहे. आज दहा वाजता तिची परीक्षा आहे, फायलींच्या विभागातल्या कारकुनाच्या जागेसाठी. पन्नाशीनंतर बसू देत नाहीत. म्हणजे ही शेवटची संधी.

परीक्षा अशी: विभागाचं नाव झाकलेले चाळीस कागद, वीस मिनिटं. निदानाचा फ्रेंच शब्द वाचायचा आणि कागद योग्य कप्प्यात टाकायचा. शब्द हातभर लांब असतात.

सालूहाला फ्रेंच बोलता येत नाही. तिला तुकडे येतात. चार वर्षांपूर्वी एका शिकाऊ परिचारिकेनं कपाटाच्या दाराला आतून तुकड्यांची यादी चिकटवली होती. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, शेवटी 'ईत' आलं की सूज, 'एक्तोमी' आलं की कापून काढणं. सालूहानं यादी उतरवून घेतली आणि ईदला घरी नेली. ईदचा मेंढा कापला की कोथळा धुऊन त्यात तांदूळ, हिरवा पाला, कलेजी भरून उस्बान शिवणं हे बायकांचं काम. तिनं परातीत एकेक अवयव मांडला आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली.

"वहिनी, मेंढा खायचाय की शाळेत घालायचाय?" नणंद रफीकानं विचारलं.

"दोन्ही. तू धूत राहा."

पद्धत उत्तम होती. एक गोष्ट सोडून. मेंढ्याच्या पोटाला चार कप्पे असतात. गेल्या वर्षी परीक्षेत 'गास्त्रो'चे कागद आले, पोटाचा कप्पा एकच दिसला, आणि सालूहा उरलेले तीन शोधत बसली. वेळ संपली तेव्हा अकरा कागद हातातच होते. वर्षभर तळघरात तिला एकच प्रश्न: "खालती सालूहा, आज कुठल्या पोटानं जेवलीस?" खालती म्हणजे मावशी. मान ठेवूनच टोमणा मारत होते.

दहाला विभागप्रमुख सी तौहामी घड्याळ घेऊन बसले; सी म्हणजे साहेब. शेजारी परीक्षक डॉक्टर गर्गूरीबाई.

"सालूहा, ही माणसं आहेत. लक्षात ठेव," सी तौहामी म्हणाले.

"ठेवलंय, सी तौहामी. तुमचं पोट बघूनच खात्री केली. एवढं मोठं, पण एकच."

डॉक्टरीणबाईंनी हसू कागदाआड लपवलं.

सालूहा शब्दाचं शेपूट आधी वाचते: काय झालंय? मग डोकं: कुठे झालंय? कापलेलं असेल तर कागद शस्त्रक्रियेकडे, नुसती सूज असेल तर त्या त्या अवयवाच्या विभागाकडे. चौदा मिनिटांत एकोणचाळीस कागद गेले. चाळिसाव्यावर ती थांबली. 'एपातोस्प्लेनोमेगाली'. हा शब्द तिनं कधी पाहिला नव्हता.

तिनं अंगठ्यानं मागचा भाग झाकला. एपातो, यकृत. अंगठा सरकवला. स्प्लेनो, प्लीहा. उरलं मेगाली. ते तिला हृदयाच्या फायलींवर भेटलं होतं, वाढलेल्या हृदयांच्या.

"दोन्ही एकाच परातीतले," ती स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणाली. "दोन्ही वाढलेत. कापलेलं काही नाही." कागद पोटाच्या विकारांच्या कप्प्यात पडला. सोळा मिनिटं.

"हा शब्द कुठे वाचला होतात?" डॉक्टर गर्गूरींनी विचारलं.

"आत्ताच. इथेच."

बारा वाजता निकाल दारावर लागला. बारावी झालेल्या दोन उमेदवारांना तेहतीस आणि छत्तीस. सालूहाला चाळीसपैकी चाळीस. सफाईच्या बायकांनी तळघरातच लग्नात करतात तसा, जिभा फिरवून उंच किलकाऱ्यांचा असा जल्लोष केला, की पहारेकरी आग लागली समजून बादली घेऊन धावत आला. त्यांनी त्याच्याही हातात आनंदाच्या प्रसंगी वाटतात तो साखरेचा बदाम ठेवला.

उद्या बुधवार. बुधवारी पोटाच्या विकारांची तपासणी असते. सकाळी आठच्या आत एकशे बारा फायली वर पाठवायच्या असतात आणि पाठवणीच्या यादीवर कारकुनाची सही लागते. ती सालूहा मसमूदी करील.