डाव्या कुशीतला गडगडाट

बाळांनो, आमच्या गल्लीच्या टोकाला गोठा असलेला गवळी साधं बोलतानाही ओरडतो. काल त्याच्या म्हशीने रवंथ करणे थांबवले. औषध पाजून तो तिच्या डाव्या कुशीला कान लावून उभा होता. तिथे कोटीपोट असते. गिळलेला चारा आधी त्यात मुरतो आणि मग चघळायला परत तोंडात येतो.

"मामा, फोन लागला का?" दुधाला आलेल्या एकाने विचारले.

"गप की. पोट बोलंना झालंय," तो चक्क हळू आवाजात म्हणाला. "आज्जी, तुमी ऐका."

मी कान लावला. खूप वेळाने आत ढग गडगडावा तसे काहीतरी वळले.

"वाजलं," मी म्हणाले.

म्हशीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला, जबडा आडवा हलू लागला. गवळी पुन्हा कान लावून उभा राहिला. त्याला ऐकू यावे म्हणून भांडी घेऊन आलेले आम्ही सगळे गप्प झालो.